अंगठ्याचं तिसरं पेर

बाळ जन्मलं त्या दिवशी मालतीबाईंनी त्याला हातात घेतलं, चेहऱ्याकडे पाहायच्या आधी दुपट्यातून त्याचा उजवा हात बाहेर काढला, क्षणभर निरखला आणि पुन्हा आत गुंडाळून टाकला. मग पलंगावर पडलेल्या सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "पोटुशी असताना अंडी फोडत बसली होतीस. आता बघ."

स्मृतीला काय बघायचं तेही ठाऊक नव्हतं. सिझेरियनची गुंगी अजून पुरती उतरली नव्हती. थोड्या वेळानं नर्सनं सांगितलं: मुलगी आहे, वजन चांगलं आहे, रडली छान, फक्त उजव्या हाताला दोन अंगठे आहेत. एकमेकांना चिकटून उभे, दोन्हीला नख, दोन्हीत हाड. डाव्या हाताचा अंगठा एकच होता, पण तोही अंगठ्यासारखा नव्हता. बोटासारखा लांब, बारीक, आणि दोनाऐवजी तीन पेरांचा.

अंडी फोडण्याची गोष्ट खोटी नव्हती. स्मृती धारवाडला विद्यापीठात पीएच.डी. करत होती आणि तिचं सगळं काम कोंबडीच्या अंड्यांवर होतं. साडेतीन दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला वरून एक छोटी खिडकी पाडायची. आत नखाएवढा जीव असतो, त्याचं हृदय धडधडत असतं, आणि त्याच्या कुशीला पंखाचा इवलासा कोंब फुटलेला असतो. कोंबाच्या मागच्या कडेला, म्हणजे माणसाच्या हातात जिथे करंगळी येते त्या बाजूला, थोड्या पेशींचा एक पुंजका असतो. तेवढ्या पेशींत सॉनिक हेजहॉग नावाचं एक जनुक जागं असतं. त्याच्या हुकमानं बनलेलं प्रथिन कोंबात झिरपत जातं. जवळच्या पेशींना ते जास्त मिळतं, लांबच्यांना कमी, आणि त्यावरून कुठल्या जागी कुठलं बोट हे ठरतं. तो पुंजका उचलून दुसऱ्या पिलाच्या अंगठ्याकडच्या कडेला लावला की बोटं दुप्पट होतात, आरशात दिसावीत तशी. अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल भिजवलेला बारीक मणी त्या कडेला ठेवला तरी तेच घडतं. स्मृतीनं असे दोनशेहून जास्त मणी ठेवले होते.

सासरी अंडं हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे. हे लोक मूळचे निपाणीकडचे, तीन पिढ्या हुबळीत. लॅमिंग्टन रोडवर शाळांचे गणवेश शिवून विकण्याचं त्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर मालतीबाईंनी ते एकटीनं चालवलं, मुलाला आणि मुलीला वाढवलं. कापड कापायला त्या डाव्या हातानं कात्री धरत. उजवा हात बहुतेक वेळ पदराखाली असे. त्यांचा मुलगा पद्मनाभ आता गल्ल्यावर बसत होता. त्यानं स्मृतीला पसंत करून आणली ती शिकलेली म्हणून. पण ती शिकते काय हे मालतीबाईंना लग्नानंतर कळलं, आणि त्यांनी ते कधी माफ केलं नाही.

स्मृतीची आई लवकर गेली होती. वडील वसंतराव निवृत्त शिक्षक, धारवाडला केलगेरीच्या तळ्याजवळ एकटे राहायचे. त्यामुळे बाळंतपण सासरीच, विद्यानगरातल्या घरी झालं. त्या घरात पहिले दोन महिने तिनं जे ऐकलं ते तिच्या आयुष्यात तिला कुणी ऐकवलं नव्हतं. मालतीबाई ओरडत नसत. पातेलं ठेवता ठेवता, लंगोट वाळत घालता घालता एखादं वाक्य टाकून पुढे जात. त्या पिलांचे तळतळाट लागले. बापानं मुलीला कसाईकाम शिकवलं. शेजारच्या बायका बाळ बघायला आल्या की कावीळ आहे म्हणून बाहेरच्या खोलीतून परत पाठवत, आणि जाता जाता सुनेच्या अंड्यांची गोष्ट मात्र त्यांच्या कानावर घालत. गणवेशाच्या उरलेल्या पांढऱ्या जाड कापडाचे त्यांनी बाळासाठी हातमोजे शिवले, मनगटाला नाडीचे. ऐन एप्रिलमध्ये लेकराचे हात घामानं उबून जायचे, पण मोजे काढले की मालतीबाई पुन्हा चढवत.

स्मृती काही गरीब गाय नव्हती. त्या घरात सासूला आत्या म्हणायची रीत होती. एकदा तिनं सरळ विचारलं, "आत्या, लग्नात मला रेशमी शालू दिलात तेव्हा त्यात किती किडे जिवंत उकडले ते विचारलं होतंत का?" त्यावर मालतीबाईंनी तीन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तेवढे तीन दिवस तिला बरे गेले.

पण आतून ती पोखरली गेली होती, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सहावा आठवडा संपत आला होता. माणसाच्या पोटात हाताचा कोंब फुटतो तो चौथ्या आठवड्याच्या शेवटी, आणि पुढच्या पंधरा दिवसांत पंजाची आखणी होते. नेमक्या त्याच दिवसांत ती रोज रेटिनॉइक आम्लाचे मणी हाताळत होती. हातात मोजे होते, तोंडावर मास्क होता, पांढरा कोट होता. तरीही एखाद्या दिवशी मोजा फाटला असेल. एखाद्या दिवशी मास्क खाली ओढून ती पाणी प्यायली असेल. दोनशे पिलांच्या पंखांना तिनं जास्तीची बोटं उगवून दाखवली होती, अंगठ्याकडच्या बाजूला. तिच्या मुलीच्या हातालाही त्याच बाजूला एक जास्तीचं बोट होतं. सासू म्हणते ते शाप-तळतळाट खोटे, पण शापाऐवजी आम्ल म्हटलं तर? ती बाळाला पाजता पाजता फोनवर शोधनिबंध वाचायची. माणसात त्या आम्लानं कान, हृदय, मेंदू बिघडतात, हात सहसा नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्या 'सहसा'पाशी ती रोज येऊन थांबायची.

हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी दीड महिन्याच्या बाळाचे एक्स-रे काढले. म्हणाले, घाई नाही, वर्षाची झाली की करू. दोन अंगठ्यांतला जास्त कामाचा ठेवायचा, दुसऱ्याचे सांधे-बंध त्याला जोडायचे. तोवर कुणीही काहीही सांगितलं तरी ते गळून पडावं म्हणून दोरा बांधायचा नाही. यात हाड आहे, रक्तवाहिनी आहे, बोट सडेल. हे त्यांनी मराठीत सांगितलं आणि मालतीबाईंकडे पाहून कानडीतही सांगितलं. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला असं काही आहे का. पद्मनाभनं आईकडे पाहिलं.

"आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही," मालतीबाई म्हणाल्या. "हिच्याकडचं विचारा."

स्मृतीला आम्लाबद्दल विचारायचं होतं. सासू शेजारी बसलेली असताना तिची जीभ उचलली नाही.

लांबलेलं बारसं रविवारी ठरलं. त्यासाठी मालतीबाईंची मुलगी रेश्मा बेळगावहून आली. तिला स्वतःला दिवस गेलेले, चौथा महिना लागलेला. ती वहिनीच्या खोलीत फारशी येत नसे, आली तर दारात उभी राही. आपल्या पोटावर त्या बाळाची नजर पडू नये म्हणून असं करते, हे तिनं स्वयंपाकघरात आईला सांगितलेलं स्मृतीनं ऐकलं होतं.

गुरुवारी स्मृतीला धारवाडला जावं लागलं. संशोधनाचा वार्षिक अहवाल समितीपुढे मांडायचा होता. दूध काढून ठेवलं, पाच वाजेपर्यंत येते म्हणून सांगितलं आणि ती निघाली. तिकडे समितीतले एक सदस्य आजारी निघाले आणि बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. तिनं प्रयोगशाळेतून आपली हत्यारांची छोटी पेटी तेवढी पिशवीत टाकली आणि परतीची बस पकडली. पावणेतीनला ती घरी होती.

जिन्यातच तिला बाळाचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं तिला ओळखता येत होतं, हे तसं नव्हतं. आवाज बसला होता आणि मधे मधे तुटत होता. आत रेश्मा भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बाळ, आणि तिनं बाळाचा डावा हात घट्ट धरला होता. मालतीबाई शेजारी पंख्यानं वारा घालत होत्या. बाळाच्या उजव्या हाताला मोजा होता आणि नाडीला दुहेरी गाठ मारलेली होती.

स्मृतीनं बाळाला उचललं. मालतीबाई म्हणाल्या की आत्ता झोपेल, मोजा राहू दे. तोवर स्मृतीनं गाठ दातानं तोडली होती. आत बाहेरच्या अंगठ्याच्या मुळाशी शिलाईचा पांढरा दोरा होता, सात-आठ वेढे, मांसात रुतलेला. अंगठा पिकल्या जांभळासारखा झाला होता.

दुकानातली मोठी कात्री कोनाड्यात होती, पण ती त्या दोऱ्याखाली जाणं शक्य नव्हतं. स्मृतीनं पिशवी पालथी केली आणि पेटीतली भ्रूणांची कात्री काढली, सुईसारख्या पात्यांची. बाळ रडून थरथरत होतं. तिच्या हाताला असल्या कामाची सवय होती, नखाएवढ्या धडधडत्या जिवाला धक्का न लावता कापायची. एक एक वेढा उचलत तिनं तो दोरा कापला. अंगठ्यावर रक्त परत आलं तसं बाळानं आणखी मोठा टाहो फोडला.

"कुणी बांधला?" तिनं विचारलं.

"मी बांधला," मालतीबाई म्हणाल्या. "दहा दिवसांत वाळून पडेल. रविवारी शंभर माणसं येणार. लेकराचं आयुष्य काढायचं आहे."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"तो काल जन्मलेला डॉक्टर मला काय सांगतो? मलाही असाच बांधला होता. मेले का मी?"

रेश्मानं मान वर केली. "आई, काय म्हणालीस तू?"

मालतीबाईंच्या लक्षात आलं की आपण बोलून गेलो. दुसऱ्या एखाद्या बाईनं सावरून घेतलं असतं. त्या सावरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पदराखालून उजवा हात काढला आणि दोघींच्या समोर धरला. अंगठा आखूड होता आणि आतल्या बाजूला वळलेला, त्याच्या मुळाशी सुरकुतलेला पांढरा व्रण. रेश्माला आणि पद्मनाभला लहानपणापासून सांगितलेलं होतं की कटिंगच्या यंत्रात आईचा अंगठा सापडला होता. त्या हातानं मालतीबाईंना साधी सुईही धरता येत नसे, म्हणून त्या डावखुऱ्या झाल्या होत्या.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. दोन अंगठे होते. सुईणीनं जो हाताला लागला तो बांधला. तीन महिने पू वाहत होता. त्यांच्या वडिलांचे दोन्ही अंगठे बोटासारखे लांब होते, तीन पेरांचे.

स्मृतीला बाळंतपणाचा दिवस आठवला. चेहरा पाहायच्या आधी या बाईनं हात पाहिला होता, तोही उजवा.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं," ती म्हणाली.

"होतं."

"आणि माझ्यावर टाकलंत."

"कुणावर तरी टाकायलाच लागतं," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या आईवर टाकलं होतं. ग्रहणात विळी धरली म्हणून. मरेपर्यंत ऐकत होती बिचारी. तुझं नाव पुढे केलं नसतं तर माझं निघालं असतं, आणि या रेश्माचं तिच्या सासरी काय झालं असतं? तुझं काय, तू शिकलेली. तुला सोसतं."

बाळाला छातीशी घेऊन स्मृती जिना उतरली आणि रिक्षानं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हात पाहिला आणि कानडीत जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आणखी तासभर गेला असता तर अंगठा हातचा गेला असता, असं त्यांनी सांगितलं. कातडीला वेढ्यांची खूण राहणार होती, बाकी वाचलं होतं.

पद्मनाभ दुकान बंद करून धावत आला. बाळाचा हात पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तरीही तो पहिलं वाक्य बोलला ते असं, की आईनं वाईट हेतूनं नाही केलं.

स्मृतीनं त्याला घरात कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता तिनं केलं. "तुझा हात दाखव," ती म्हणाली. "डॉक्टर, यांच्या दोन्ही हातांचा एक्स-रे काढा."

"म्हणजे आता दोष माझा?"

"दोष कुणाचाच नाही. पण आत्तापर्यंत माझा होता ना? दोन महिने होता. काढ."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तो तणतणत आत गेला. फिल्म प्रकाशापुढे धरली तेव्हा दिसलं की त्याच्या दोन्ही अंगठ्यांत, दोन हाडांच्या मधे, पाचरीसारखं एक बारीक तिसरं हाड होतं. बाहेरून काही कळत नव्हतं; अंगठे जरा लांब वाटत, एवढंच. चौतीस वर्षं त्या हातांनी त्यानं नोटा मोजल्या, गाडी चालवली, आणि त्याला पत्ता नव्हता. तो फिल्मकडे बघत राहिला, मग त्यानं दोन्ही मुठी आवळल्या, अंगठे आत घेऊन.

स्मृतीला त्या क्षणी आनंद झाला. दुसरा शब्द नाही. आम्ल नव्हतं, मणी नव्हते, फाटलेला मोजा नव्हता. तिच्या कुशीत लेकरू हुंदके देत होतं, नवरा समोर मोडून पडला होता, आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. त्या आनंदाची तिला नंतर लाज वाटली, पण तेव्हा नाही.

ती विद्यानगरला परत गेली नाही. दवाखान्यातूनच केलगेरीला, वडिलांकडे गेली. रविवारचं बारसं मालतीबाईंनी सगळ्यांना फोन करून रद्द केलं. सुनेचं डोकं फिरलंय असं कारण सांगितलं. केलगेरीत वसंतरावांनी शेजारच्या चार बायकांना बोलावलं, पाळणा टांगला आणि नातीचं नाव गिरिजा ठेवलं. तिच्या हातात मोजे नव्हते. एका बाईनं हात पाहिला आणि देवानं एक जास्त दिलंय म्हणाली, आणि घुगऱ्या घेऊन गेली.

तीन आठवड्यांनी रेश्मा दारात उभी राहिली. एकटीच आली होती, माहेरी डॉक्टरकडे जाते असं सांगून. वसंतरावांनी चहा केला आणि ते तळ्याकडे फिरायला निघून गेले.

रेश्मानं माफी मागितली नाही. तिनं आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "वहिनी, माझ्यात आहे का बघा."

स्मृतीनं तिच्या हातांना हात लावला नाही. "गिरिजा रडत होती तेव्हा तिचा हात तू धरला होतास."

"आईनं धरायला सांगितलं."

"तुला चौथा महिना होता, आणि तू दोन महिन्यांच्या लेकराचा हात धरून बसलीस."

रेश्मा उठून गेली नाही. मग स्मृतीनं तिला सगळं समजावून सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, कोरड्या आवाजात. बोटं ठरवणारं जनुक चांगलंच आहे, त्यात खोट नाही. पण प्रत्येक जनुकाला बटण असतं, ते कुठे आणि कधी जागं व्हायचं हे सांगणारं. या जनुकाचं हाताचं बटण त्याच्यापासून फार लांब आहे, मधे डीएनएची दहा लाख अक्षरं, आणि ते भलत्याच एका जनुकाच्या पोटात दडलेलं आहे. कोंबडीत तेच, उंदरात तेच, माणसात तेच. तुमच्या घराण्यात त्या बटणातलं बहुधा एखादं अक्षर बदललंय. त्यामुळे जे फक्त करंगळीकडे जागं व्हायचं ते अंगठ्याकडेही थोडं जागं होतं, आणि अंगठ्याला आपण अंगठा आहोत की बोट हे कळेनासं होतं. कुणाला दोन अंगठे येतात, कुणाला तिसरं पेर, कुणाला नुसतं पाचरीएवढं हाड. एका पिढीतून पुढच्या पिढीत जायची शक्यता निम्मी. ग्रहण नाही, विळी नाही, अंडी नाहीत.

"पण माझे अंगठे सरळ आहेत," रेश्मा म्हणाली.

"तुझ्या दादाचेही सरळ दिसायचे. पोटात बाळ असताना एक्स-रे काढू नको. डॉक्टरांना सांग, रक्ताच्या तपासणीत कळेल."

"सासरी कळलं तर?"

"मी कुणाला सांगणार नाही." स्मृतीनं पुढचंही सांगितलं. "पण तुझं बाळ असं जन्मलं, आणि वहिनीची नजर लागली असं तुझ्या किंवा तुझ्या आईच्या तोंडून निघालं, तर पद्मनाभच्या हाताची फिल्म तुझ्या सासऱ्यांच्या टेबलावर असेल."

रेश्मा उठली. दारापाशी वळून म्हणाली, "लोक आईलाच वाईट म्हणतात. तुमच्या जिभेला काय कमी काटे आहेत?" चहा तसाच राहिला होता.

तिनं तपासणी केली नाही. तिला मुलगा झाला, हात दोन्ही सगळ्यांसारखे. मालतीबाईंनी विद्यानगरात घरोघर पेढे वाटले. त्यांच्या दृष्टीनं त्या मुलाच्या हातांनी सगळ्याचा निकाल लागला होता: बघा, आमच्याकडे काही नाही. निम्मी शक्यता म्हणजे काय हे त्यांना समजावायला कुणी गेलं नाही.

पद्मनाभ दर रविवारी केलगेरीला यायचा. गिरिजाला खांद्यावर घेऊन तळ्याच्या बांधावर फिरवायचा, जेवायचा, आणि निघताना घरी चल म्हणायचा. स्मृतीची अट एकच होती. ज्या ज्या बाईला आत्यांनी अंड्यांची गोष्ट सांगितली, तिला तिला त्यांनी आपल्या अंगठ्याची गोष्ट सांगावी. तो म्हणायचा की आई म्हातारी आहे. ती म्हणायची की म्हातारपणी खरं बोलता येतं. एकदा भांडण इतकं वाढलं की तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला आणि काही झालंच नसल्यासारखा गिरिजाला घेऊन बांधावर गेला.

गिरिजा तेरा महिन्यांची झाल्यावर शस्त्रक्रिया झाली. अडीच तास लागले. बाहेरचा अंगठा काढला, आतला ठेवला आणि सरळ केला. डाव्या हाताचं जास्तीचं पेर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घालून तिला खोलीत आणलं तेव्हा ती झोपेत ओठ हलवत होती.

मालतीबाई सकाळपासून बाहेरच्या बाकावर होत्या. पद्मनाभनं आणलं नव्हतं. आपल्या आपण रिक्षा करून आल्या होत्या. वर्षभरात स्मृतीनं त्यांना पाहिलं नव्हतं. ती पाणी आणायला बाहेर आली तेव्हा त्या उठल्या नाहीत, बसल्या जागेवरून विचारलं, "कुठला ठेवला?"

"आतला."

मालतीबाईंनी मान हलवली. "माझा आतला गेला," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बघू का तिला?"

"नाही."

"माझी नात आहे."

"तेव्हाही होती."

स्मृती आत आली आणि तिनं दार ओढून घेतलं. कडी लावली नाही, कारण नर्सला यायचं होतं. तशी नर्स आलीही, हातात फॉर्म घेऊन. बाळाच्या रक्ताचा नमुना बेंगळुरूला जनुक-तपासणीला जायचा होता, त्यासोबत घराण्याची माहिती हवी होती. वडिलांची नोंद झाली होती. त्यांच्या मागच्या पिढीत कुणाला होतं का, असा रकाना होता.

स्मृतीनं पेन हातात घेतलं होतं. ती लिहू शकली असती. तिला सगळं ठाऊक होतं.

"त्यांनाच विचारा," ती म्हणाली. "बाहेर बाकावर बसल्या आहेत."

नर्स बाहेर गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. बाहेर आणखी माणसं बसलेली होती, कुणाच्या पायाला प्लास्टर, कुणाच्या मांडीवर लेकरू. नर्सनं मोठ्यानं कानडीत विचारलं, जसं त्या सगळ्यांना विचारतात: अज्जी, मुलीच्या वडिलांच्या बाजूला असा हात कुणाचा होता?

नर्सनं पुन्हा विचारलं.

"ननगू इत्तु," मालतीबाईंचा आवाज आला. मलाही होता. आणि नर्सला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी ते जास्त मोठ्यानं पुन्हा सांगितलं, वडिलांचंही सांगितलं, सालासकट.

स्मृती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. ती उठली नाही. गिरिजानं झोपेत कूस बदलायचा प्रयत्न केला, प्लास्टर जड होतं, ते हललं नाही. तेव्हा स्मृतीनं तिचा हात उशीवर उचलून ठेवला.